मिक्सरचं एक चॅनेल, वरून खाली: मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्यांदा साऊंडला बसणाऱ्यांसाठी

मंडळात, सोसायटीत नाहीतर गावच्या सप्ताहात कोणीतरी म्हणतं "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना, मग मिक्सरवर तूच बस", आणि समोर दोनशे नॉब बघून घाम फुटतो. तर आधी घाम पुसा. ते दोनशे वेगवेगळे नॉब नाहीयेत, दहा-बारा नॉबची एक उभी पट्टी आहे आणि तीच शेजारी शेजारी परत परत छापलीय. त्या पट्टीला चॅनेल म्हणायचं. माईकचा आवाज वरून आत शिरतो, एकेका नॉबमधून खाली येतो आणि तळाच्या फेडरमधून (वर-खाली सरकणारी दांडी) बाहेर पडतो. म्हणजे वरचं काही हलवलं की त्याच्या खालचं सगळं हलतं, पण खालचं हलवलं तर वरच्याला पत्ताही लागत नाही. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं डोक्यात ठेवा आणि सेटिंग पण त्याच क्रमाने करा, वरून खाली. नवीन माणूस नेमका उलटा जातो, आधी फेडर ढकलतो, मग आवाज फाटला की इक्यू (बेस-ट्रेबलचे नॉब) फिरवतो, मग शिट्टी आली (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरला) की घाबरून गेन, म्हणजे सगळ्यात वरचा नॉब, कमी करतो आणि स्टेजवरचा गायक हातवारे करायला लागतो की मला काहीच ऐकू येत नाही.

उदाहरण म्हणून आपला नेहमीचा सेटअप धरू. भजन आणि भावगीतांचा कार्यक्रम, मांडवात तीनचारशे माणसं. एक गायक, एक गायिका, पेटी, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असे दोन माईक, पखवाज, टाळ, निवेदक. झाले आठ माईक, शिवाय तानपुऱ्याचं ॲप लावलेला मोबाईल. आता पहिली फसगत मिक्सर भाड्याने सांगतानाच होते. यामाहाच्या एमजी१२एक्सयूला १२ चॅनेलचा मिक्सर म्हणतात पण त्यात माईक लागतात जास्तीत जास्त ६, बाकी लाईनच्या (मोबाईल-कीबोर्डसाठीच्या) स्टिरिओ जोड्या मोजून १२ होतात. एमजी१६एक्सयूवर १० माईक लागतात, म्हणजे आपल्याला तो हवा. फोनवर "किती चॅनेल आहे" विचारू नका, "किती माईक लागतात" विचारा.

आधी सगळं जागेवर आणा

आधीच्या कार्यक्रमात कोणी काय फिरवून ठेवलंय देव जाणे, त्यामुळे वायरी लावायच्या आधी मिक्सर कोरा करायचा. सगळे गेन डावीकडे पूर्ण बंद, इक्यूचे सगळे नॉब बरोबर मध्ये (तिथे हलका खटका लागतो), ऑक्स आणि इफेक्टचे नॉब बंद, पॅन मध्ये, फेडर खाली, प्रत्येक चॅनेल म्यूट. यामाहावर म्यूटच्या जागी ऑन असं बटण असतं, ते दाबलं की चॅनेल चालू, म्हणजे उलटं, तेवढं बघून घ्या. पॉवर देताना आधी मिक्सर, सगळ्यात शेवटी ॲम्प्लिफायर किंवा पॉवरवाले स्पीकर. नाहीतर मिक्सर चालू होतानाचा धप्प आवाज थेट स्पीकरच्या कोनवर जातो.

मग पट्टी चिकटवा. फेडरच्या खाली कागदी टेप लावून मार्करने लिहा: गायक, गायिका, पेटी, तबला, डग्गा, पखवाज, टाळ, निवेदक. कार्यक्रमात अंधार असतो, कोणीतरी "टाळ कमी कर" म्हणून कानात ओरडतं आणि तुम्ही बोटांनी मोजत बसता, हे टाळायचं असेल तर दहा रुपयाची टेप पुरते. क्रम पण स्टेजवर माणसं डावीकडून उजवीकडे जशी बसलीयत तसा ठेवला तर अजून सोपं.

वायर, लाईन आणि ते ४८ व्होल्ट

माईकची तीन पिनवाली वायर एक्सएलआरमध्ये लावायची. मोबाईल, लॅपटॉप, कीबोर्ड हे शक्यतो डीआय बॉक्समधून (त्यांचा सिग्नल माईकसारखा करून देणारी छोटी डबी) माईकच्या इनपुटमध्ये. डीआय बॉक्स नसेल तर निदान स्टिरिओ लाईन चॅनेलमध्ये लावा, पण मोबाईलला घरगुती जोडलेली एक्सएलआरची वायर करून माईकच्या भोकात खुपसू नका, कारण पुढची गोष्ट.

फँटम म्हणजे मिक्सरकडून माईकच्या वायरमधूनच जाणारा ४८ व्होल्टचा पुरवठा. कंडेन्सर माईकला तो लागतोच, त्याशिवाय तो मुका. शूअरच्या एसएम५८सारख्या डायनॅमिक माईकला लागत नाही, पण वायर नीट बॅलन्स्ड असेल तर दिल्याने त्याचं काही बिघडतही नाही. छोट्या मिक्सरवर सगळ्या माईकना मिळून एकच बटण असतं, म्हणजे पखवाजाच्या एका कंडेन्सरसाठी दाबलं की आठही चॅनेलला ४८ व्होल्ट गेले. त्यात मघाचा मोबाईल चुकीच्या वायरने लावलेला असेल तर तो गेला बाराच्या भावात. फँटम चालू किंवा बंद करताना सगळे चॅनेल म्यूट, मास्टर (सगळ्या चॅनेलचा मिळून शेवटचा फेडर) खाली, बटण दाबून पाचदहा सेकंद थांबायचं, मग पुढचं. फँटम चालू असताना वायर काढघाल नको.

पॅड नावाचं छोटं बटण दिसलं तर ते येणारा सिग्नल एकदम २०-२६ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) कमी करतं. ढोल-ताशाच्या जवळ माईक असेल किंवा गेन पूर्ण बंद असूनही लाल दिवा लागत असेल तरच दाबा. आणि "आवाजच येत नाही" अशी तक्रार असेल तर चुकून दाबलेलं पॅड हा जुना संशयित आहे.

गेन, इथे वेळ घाला

सगळ्यात वरचा नॉब. लोक याला आवाज वाढवायचा नॉब समजतात, तो तसा नाही. माईकमधून येणारा सिग्नल अगदी कमी असतो, काही मिलिव्होल्ट, त्याला मिक्सरच्या कामाच्या पातळीवर आणून ठेवणं एवढंच गेनचं काम. किती मोठं ऐकू येणार ते फेडर ठरवतो. बिल्डिंगमध्ये टाकीखालचा मेन कॉक आणि घरातले नळ असतात ना, तसं समजा: मेन कॉक एकदा नीट उघडून ठेवायचा आणि रोज हात लावायचा तो नळाला.

गेन लावायचा कसा ते सावकाश सांगतो, कारण इथे दहा मिनिटं दिली की पुढचे दोन तास सुखाचे जातात.

गायकाला माईकवर बसवा. "हॅलो हॅलो चेक" नको, त्याचा काही उपयोग नाही, कारण हॅलो म्हणणारा माणूस आणि तार षड्जावर अभंगाची ओळ सोडणारा तोच माणूस यात सहज १० डीबीचा फरक पडतो. त्यांना सांगा, "बुवा, कार्यक्रमात म्हणाल तशी एक ओळ म्हणा, वरची, जोरातली." आणि माईक आत्ता जिथे आहे तिथेच कार्यक्रमात राहणार आहे ना ते पण विचारून घ्या, कारण एक वितीवरून दोन वितीवर गेला की आवाज जवळजवळ ६ डीबीने उतरतो आणि तुमचा सगळा हिशेब चुकतो. आता त्या चॅनेलचं पीएफएल बटण दाबा (काही मिक्सरवर सोलो किंवा क्यू लिहिलेलं असतं). पीएफएल दाबलं की फेडर खाली असला तरी फक्त तेवढाच चॅनेल तुमच्या हेडफोनमध्ये येतो आणि मुख्य मीटरवर त्याची पातळी दिसते, बाहेर मांडवात काहीच जात नाही. मग गेन हळूहळू उजवीकडे. मीटर साधारण ० च्या आसपास नाचला पाहिजे, जोरातल्या जागांना +६ पर्यंत गेला तर चालेल. चॅनेलवरचा लाल पीक दिवा लागला की थोडं मागे. बऱ्याच मिक्सरवर हा दिवा आवाज फाटायच्या ३ डीबी आधीच पेटतो, तरी त्यावर भरवसा ठेवून लाल-लाल करत बसू नका, बुवा रंगात आले की सरावापेक्षा वरच जातात, खाली कधीच येत नाहीत.

हेच प्रत्येक चॅनेलला, एकेक करून. तबलजींना नुसतं "ता" नको, रेले वाजवायला सांगा. डग्ग्याचा माईक वेगळा तपासा. टाळाच्या चॅनेलचा गेन जवळजवळ बंदच असतो, कित्येकदा त्याला माईकच लागत नाही कारण तो गायकाच्या माईकमधूनच भरपूर येतो, छोट्या मांडवात तर मी टाळाचा माईक लावतच नाही.

गेन कमी पडला तर पुढे फेडर पार वर न्यावा लागतो आणि त्याबरोबर सूं सूं असा आवाज पण वर येतो. गेन जास्त झाला तर आवाज तिथेच फाटतो, आणि एकदा वर फाटलेला आवाज खाली फेडर कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो, फक्त हळू फाटलेला.

आणि महत्त्वाचं: कार्यक्रम सुरू झाल्यावर गेनला हात लावायचा नाही. त्याच्या खाली मॉनिटर (गायकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेला स्पीकर) आहे, इफेक्ट आहे, फेडर आहे, सगळं त्याच्यावर उभं आहे. तुम्ही मांडवात जरा कमी करायला म्हणून गेन कमी केला की स्टेजवरच्या गायकाचा स्वतःचा आवाज पण गेला. हात फेडरवर ठेवा.

लो कट

गेनच्या आसपास एक छोटं बटण असतं, त्यावर ८० किंवा १०० आकडा आणि एक तिरकी रेघ. ते दाबलं की त्याखालचे हर्ट्झ कापले जातात. स्टेजवरचे पाय, माईकच्या स्टँडला लागलेला धक्का, वारा, "प" आणि "भ" म्हणताना बसणारी फूंक, हे सगळं तिथेच खाली असतं. गायकांना भीती वाटते की आवाजातला खर्ज जाईल. हिशेब करून बघा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो, मंद्रातला पंचम १०४ च्या जवळ. काळी चारमध्ये गाणारी गायिका असेल तर तिचा षड्ज २०८. म्हणजे ८० ला कापलं तर त्यांचं काहीच जात नाही, जातो तो कचरा.

तर गायक, गायिका, निवेदक, पेटी, टाळ, सगळ्यांना लो कट दाबा. डग्गा, पखवाजाची धूम, ढोलकी, कीबोर्ड, ट्रॅक, यांना नाही, त्यांचा जीव तिथेच आहे.

इक्यू: वाढवण्याआधी कमी करून बघा

हाय, मिड, लो. बऱ्याच मिक्सरवर मिडला दोन नॉब असतात, एक कुठली फ्रिक्वेन्सी पकडायची ते ठरवतो आणि दुसरा ती किती वाढवायची-कमी करायची ते. हाय म्हणजे साधारण १०-१२ किलोहर्ट्झपासून वरचं, लो म्हणजे ८०-१०० हर्ट्झपासून खालचं.

आपल्याकडे मिक्सर हातात आला की बेस आणि ट्रेबल दोन्ही घड्याळातल्या दोनच्या जागेपर्यंत फिरवायचे आणि मिड पाडायचा अशी एक रीतच पडलीय. गाडीतल्या डेकवर ठीक आहे, मांडवात नाही. शब्द कळतात ते मिडमध्ये, २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. तो पाडलात की आवाज मोठा असतो पण निवेदक काय बोलला ते शेवटच्या रांगेत कोणालाच कळत नाही आणि मग लोक म्हणतात आवाज वाढवा.

आधी सगळं मध्येच ठेवून ऐका. खरंच काही खटकतंय का? खटकत असेल तर ते कमी करा.
आवाज डब्यातून येतोय, गुबगुबीत वाटतोय: मिडची फ्रिक्वेन्सी २५० ते ४०० च्या आसपास नेऊन ३-४ डीबी कमी. बहुतेक वेळा गायक माईकला ओठ लावून गातात त्यामुळे हे होतं, जवळ गेलं की अशा माईकमध्ये बेस आपोआप फुगतो.
नाकातला वाटतोय: ८०० ते १००० च्या जवळ थोडं कमी.
कानाला टोचतोय: ३ किलोहर्ट्झच्या आसपास, पण जपून, तिथेच शब्द आहेत.
"स" आणि "श" फार फुसफुसतायत: ६-८ किलोहर्ट्झ, म्हणजे साध्या मिक्सरवर हाय जरासा मागे.

फ्रिक्वेन्सी नेमकी कुठली ते कळत नसेल तर मिड थोडा वाढवून फ्रिक्वेन्सीचा नॉब सावकाश फिरवा, जिथे सगळ्यात घाण वाटेल तिथे थांबा आणि मग तीच कमी करा. हे हेडफोनवर करा, पीएफएल दाबून, फेडर खाली ठेवून. स्पीकर चालू असताना वाढवून शोधायला गेलात तर शोधायच्या आधी शिट्टीच सापडेल.

पेटीबद्दल थोडं जास्त, कारण पेटी सगळ्यांचीच बिघडते. इक्यूने सुधारायला जाण्याआधी माईक हलवा. भात्याच्या बाजूला माईक ठेवला तर फस-फस हवा आणि भात्याचा खडखडाट सुरांपेक्षा जास्त येतो. वरच्या जाळीकडे तोंड करून, वीतभर वर, भात्याकडे पाठ करून माईक ठेवा आणि मग ऐका. नव्वद टक्के वेळा त्यानंतर इक्यूला हात लावावा लागत नाही. तबल्याचंही तेच, शाईच्या अगदी वर माईक टेकवला की नुसता टणटण येतो, जरा उंच आणि काठाकडे तिरका केला की चाट आणि सूर दोन्ही येतात.

इक्यूमध्ये काही वाढवलं असेल तर परत पीएफएल दाबून मीटर बघा. बहुतेक मिक्सरवर पीएफएल इक्यूच्या नंतरचं दाखवतं, तुम्ही ६ डीबी वाढवलेत तर मघाशी ० वर नाचणारा मीटर आता लालकडे गेला असेल.

काही मिक्सरवर इथेच कुठेतरी कॉम्प असा एक नॉब असतो. मोठा आवाज दाबायचा, लहान उचलायचा, असं त्याचं काम. निवेदकाला थोडा द्या, कारण निवेदक कुजबुजतात आणि लगेच टाळ्यांचं आवाहन करताना ओरडतात. गायकाला जवळजवळ नकोच. त्यांचा लहान-मोठा आवाज ही त्यांची गायकी आहे, आणि वर कॉम्पने उचललेला बारीक आवाज शिट्टीला आमंत्रण देतो.

ऑक्स: स्टेजवरचं वेगळं मिक्सिंग

ऑक्स म्हणजे प्रत्येक चॅनेलमधून काढलेली एक वेगळी फांदी. ऑक्स १ ची तार स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरला जाते, आणि प्रत्येक चॅनेलवरचा ऑक्स १ चा नॉब ठरवतो की त्या चॅनेलचा किती आवाज मॉनिटरमध्ये जाणार. इफेक्टचा नॉबही तसाच, तो रिव्हर्ब किंवा इकोच्या यंत्राकडे जातो.

इथे प्री आणि पोस्ट समजून घ्या. प्री म्हणजे फेडरच्या आधी: तुम्ही फेडर वर-खाली केला तरी मॉनिटरमध्ये फरक पडत नाही. पोस्ट म्हणजे फेडरच्या नंतर: फेडरबरोबर तेही वर-खाली. मॉनिटर नेहमी प्री ठेवा, इफेक्ट नेहमी पोस्ट. उलटं झालं तर तुम्ही मांडवासाठी गायिकेला जरा वाढवलं की स्टेजवर शिट्टी येणार, आणि फेडर पूर्ण खाली केल्यावरही इकोमधून भुतासारखा आवाज येत राहणार. बटण नसेल तर मिक्सरवर नॉबच्या बाजूला प्री किंवा पोस्ट छापलेलं असतं.

मॉनिटरमध्ये काय द्यायचं ते गायकालाच विचारा. बहुतेकांना पेटी, तबला आणि थोडा स्वतःचा आवाज हवा असतो, तानपुरा जरा जास्तच. सगळ्यांना सगळं दिलं की चिखल होतो. आणि मॉनिटर कुठे ठेवायचा? एसएम५८सारख्या माईकला पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर माईकच्या बरोबर पाठीमागे, गायकाच्या समोर. बीटा ५८सारखा माईक असेल तर त्याची बहिरी बाजू बरोबर मागे नसून मागच्या दोन कोपऱ्यांकडे असते, तिथे मॉनिटर थोडा तिरका. आणि गायकाने माईकची जाळी मुठीत धरली तर या सगळ्यावर पाणी, कारण मग तो माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि लगेच शिट्टी वाजवतो. हे गायकाला गोड बोलून सांगता येतं, सांगाच.

रिव्हर्ब गाण्याला थोडा, निवेदकाला शून्य. इकोवर आपल्या लोकांचं फार प्रेम आहे, "मान्यवर... वर... वर..." झाल्याशिवाय सत्कार झाल्यासारखं वाटत नाही, पण उघड्या मांडवात समोरच्या इमारतीवरून परत येणारा आवाज आधीच असतो, त्यात अजून नको. गाणं संपून बोलणं सुरू झालं की इफेक्टचा रिटर्न (जिथून इफेक्टचा आवाज परत मिक्सरमध्ये येतो तो चॅनेल) म्यूट करायची सवय लावून घ्या.

पॅन आणि कुठे पाठवायचं ती बटणं

पॅन म्हणजे आवाज डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये वाटणारा नॉब. मांडवात पॅन मध्ये ठेवा, विषय संपला. डाव्या स्पीकरसमोर बसलेल्या आजोबांना उजवीकडचा तबला ऐकूच येणार नाही. पण पॅनच्या आसपास जी एल-आर किंवा ग्रुप १-२ अशी बटणं असतात ती बघा. एल-आर दाबलेलं नसेल तर सगळं बरोबर असूनही आवाज बाहेर जात नाही.

फेडर

फेडरवर वरून थोडं खाली ० लिहिलेलं असतं. ० म्हणजे बंद नव्हे, ० म्हणजे जसा आला तसा पुढे, ना वाढ ना घट. बंद म्हणजे पार खाली. गेन नीट लावला असेल तर मुख्य गायकाचा फेडर ० च्या आसपास असतानाच मांडवात आवाज बरोबर वाटला पाहिजे, आणि तसा वाटत नसेल तर मास्टर किंवा ॲम्प्लिफायर बघा. हा हट्ट कशासाठी, तर फेडरवरच्या खुणा नीट बघा: ० च्या जवळ बोटाएवढी जागा ५ डीबीची आहे आणि तळाशी तेवढ्याच जागेत २०-३० डीबी कोंबलेत. तळाशी फेडर ठेवून काम करणाऱ्याचं बोट जरा हललं की आवाज एकदम गायब किंवा एकदम अंगावर.

३ डीबीचा फरक लोकांना जेमतेम कळतो. दुप्पट मोठं वाटायला १० डीबी लागतात. म्हणून कोणी "थोडं वाढव" म्हटलं की दोनतीन डीबी, आणि मग ऐका. बऱ्याचदा वाढवण्यापेक्षा बाकीचे दोन फेडर कमी करणं बरं पडतं. गायकाचे शब्द ऐकू येत नाहीत? पेटी कमी करून बघा आधी.

ज्या माईकवर आत्ता कोणी नाही तो म्यूट. निवेदक बोलून खाली बसला की लगेच म्यूट. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी यायच्या आधीची तुमची जागा ३ डीबीने कमी होते. आठ माईक उघडे आणि दोन माईक उघडे यात ६ डीबीचा फरक झाला, तेवढ्यात कार्यक्रम सुखाचा की डोकेदुखीचा ते ठरतं.

शिट्टी आलीच तर मास्टर खेचू नका. बहुतेक वेळा जो फेडर तुम्ही आत्ता वाढवलात किंवा जो माईक आत्ता कोणी उचलला तोच दोषी असतो, तोच ३-४ डीबी मागे. शिट्टी गेली नाही तर मॉनिटरचा ऑक्स बघा.

आवाज येत नाही, आता काय

परत वरून खाली. पीएफएल दाबा. मीटर हलतोय? मग सिग्नल आत आलाय, बिघाड खाली आहे: म्यूट, फेडर, एल-आर बटण, मास्टर. मीटर मेलेला? मग वर बघा: माईकचं स्वतःचं बटण (याला विसरू नका, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात), वायर, कॉर्डलेसची बॅटरी, कंडेन्सर असेल तर फँटम, पॅड, गेन. वायरवर संशय असेल तर चालू चॅनेलची वायर तिथे लावून बघा, पाच सेकंदात कळतं.

सतत हूंऽऽ असा आवाज असेल तर तो बहुधा लाईटचा ५० हर्ट्झ आहे. माईकच्या वायरी हॅलोजनच्या आणि डेकोरेशनच्या वायरींच्या कडेकडेने नेल्या असतील तर लांब करा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. लॅपटॉप चार्जरवर असतानाच हूं येत असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. प्लगची अर्थिंगची पिन मोडून हूं घालवणारे वीर भेटतील, त्यांचं ऐकू नका, पावसाळ्यातला ओला मांडव आणि हातात लोखंडी माईक, यात जीव जातो.

डिजिटल मिक्सर समोर आला, बेरिंजरचा एक्स३२ वगैरे, तरी हाच क्रम आहे. फक्त नॉब एकच सेट आहे आणि तुम्ही ज्या चॅनेलचं सिलेक्ट दाबाल त्याचा तो होतो, ऑक्सला तिथे बस म्हणतात, आणि लो कट २० ते ४०० हर्ट्झपर्यंत हवा तिथे सरकवता येतो. मीटर मात्र वेगळा, तिथे ० म्हणजे छत, त्यावर गेलं की फाटलंच. त्यामुळे गेन लावताना सरासरी -१८ च्या आसपास ठेवा आणि जोरातल्या जागा -१० ते -६ पर्यंतच जाऊ द्या. कोणाचा चॅनेल सिलेक्ट आहे ते न बघता नॉब फिरवणं हा डिजिटलवरचा सगळ्यात मोठा घोळ, फिरवायच्या आधी स्क्रीनवर नाव वाचा.

साऊंड चेक दुपारीच उरकून घ्या, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद (वर्षातले ठरावीक दिवस सरकार १२ पर्यंत सूट देतं, ते मंडळाला विचारा), आणि आठला सुरू व्हायचा कार्यक्रम पावणेनऊला सुरू होणार हे काय सांगायला हवं. चेक झाला की मोबाईलवर पूर्ण मिक्सरचा एक फोटो काढून ठेवा. मधल्या वेळात पोरं येऊन नॉब फिरवतात, फिरवतातच, फोटो असला की पाच मिनिटात सगळं जागेवर येतं.

संपल्यावर मास्टर खाली, सगळे म्यूट, आधी ॲम्प्लिफायर बंद, मग फँटम बंद करून अर्धा मिनिट थांबा, मग मिक्सर, आणि त्यानंतरच वायरी गुंडाळायला घ्या, कोपरावर पिळून नाही, मोठे गोल करून, नाहीतर पुढच्या कार्यक्रमाला खरखर सुरू होते आणि तुम्ही परत गेनपासून शोधत बसता.